शेजारच्या काकूंचा डबा



आज आधी एक कबुली देते. बाईसुद्धा चुकतात, बरं का! आणि कधी कधी त्यांची चूक चौथीतली मुलगी दाखवून देते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाहेर झड लागलेली. वर्गात निम्मी मुलं शिंकत होती, उरलेली निम्मी नाकं ओढत होती. मी फळ्यावर भागाकार लिहितेय आणि मागून सारखं 'आंक्छी, आंक्छी'! शेवटी मी वैतागले. म्हणाले, "अरे, तोंडावर रुमाल धरा! तुमच्या या सर्दीमुळेच घरातली तान्ही बाळं आजारी पडतात!"

झालं. बोलले आणि विसरूनही गेले.

आमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. तिला नुकताच भाऊ झाला होता. तिचं नाव काही सांगत नाही, आपण तिला 'नवी ताई' म्हणू या. नवी ताई रोज बाळाची एक तरी बातमी आणायची. आज बाळाने जांभई दिली. आज बाळाने माझं बोट धरलं. मग एके दिवशी ती शाळेतच आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आली ती अगदी गप्प. मधल्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही. मी जवळ जाऊन विचारलं, तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, बाळ दवाखान्यात आहे. त्याच्या नाकाला नळी लावलीय. माझ्यामुळेच ना? मला सर्दी होती आणि मी त्याची पापी घेतली होती."

माझ्या पोटात धस्स झालं. मी म्हणाले, "छे गं, तुझ्यामुळे कसं होईल?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग तुम्ही वर्गात तसं का म्हणालात?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. बाळाला पाहिलं, त्याच्या आईला भेटले आणि डॉक्टरांना दहा प्रश्न विचारले. नंतरचे कित्येक दिवस मिळेल ते वाचत राहिले. नवी ताईला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतेय.

आधी पाहुण्याची ओळख

डॉक्टर म्हणाले, या दिवसांत इतक्या लहान बाळाला अशी धाप लागते, ती बहुतेक वेळा एका विषाणूमुळे. त्याचं नाव भलतंच लांबलचक आहे, रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. सगळे त्याला आर.एस.व्ही. म्हणतात. 'सिन्सिशियल' म्हणजे काय? साबुदाणा जास्त भिजला की दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो ना? हा विषाणू आपल्या पेशींचं तसंच करतो. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून त्यांचा गोळा होतो. म्हणून हे नाव.

गंमत म्हणजे हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो माणसांत नाही, चिंपांझींत! १९५६ साली अमेरिकेत एका प्रयोगशाळेतल्या चिंपांझींना सर्दी झाली होती, तिच्यात तो मिळाला. पुढच्याच वर्षी तो आजारी बाळांतही सापडला. मग कळलं की हा तर माणसांचाच जुना सोबती. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळ्या मुलांना तो एकदा तरी गाठतो. तुम्हालाही गाठून गेला असेल. चार दिवस नाक गळलं आणि विषय संपला.

मग तान्ह्या बाळालाच एवढा त्रास का? त्याचं कारण आकारात आहे. शहाळ्याचं पाणी पिताना नळीत मलईचा तुकडा अडकला तर काय होतं? ओढून ओढून गाल दुखतात, पण पाणी काही येत नाही. तोच तुकडा बागेत पाणी घालायच्या पाइपात पडला, तर कळतसुद्धा नाही. बाळाच्या फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्या फारच अरुंद असतात. त्या सुजल्या आणि त्यांच्यात चिकट कफ भरला की बाळाला श्वासासाठी झगडावं लागतं. दूध ओढायलाही दम उरत नाही.

शास्त्रज्ञांनी जगभराचा हिशेब केला आहे. २०१९ या एका वर्षात पाच वर्षांखालच्या सुमारे १ लाख मुलांचा जीव या विषाणूमुळे गेला. त्यांतली जवळजवळ निम्मी मुलं सहा महिन्यांचीही नव्हती. आणि शंभरातली सत्त्याण्णव मुलं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातही डॉक्टरांनी या विषाणूचा अभ्यास केला आहे. थंड देशांत त्याचा मोसम हिवाळ्यात येतो. आपल्या भागात पावसाळ्याच्या सुमारास तो जोर धरतो.

आईची शिदोरी

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग सगळीच बाळं आजारी का पडत नाहीत? हुशार प्रश्न!

आपल्या शरीरात विषाणूंना पकडणारे बारीक पहारेकरी असतात. त्यांना प्रतिपिंड म्हणतात. ते बेचकीच्या आकाराचे असतात, दोन हात वर आणि एक शेपूट खाली. दोन हातांनी ते विषाणूला धरतात. प्रत्येक प्रतिपिंड ठरावीक शत्रूच ओळखतो. गोवराचा पहारेकरी आर.एस.व्ही.कडे बघणारही नाही.

बाळ आईच्या पोटात असतानाच आई त्याच्या रक्तात आपले प्रतिपिंड पाठवत असते. प्रवासाला निघालेल्या लेकराला शिदोरी बांधून द्यावी तसं. जन्मानंतर आईचं पहिलं पिवळसर घट्ट दूध येतं, त्याला चीक म्हणतात. त्यातही प्रतिपिंड भरपूर असतात. म्हणून चीक कधी टाकून द्यायचा नसतो.

पण शिदोरी काही जन्मभर पुरत नाही. काही महिन्यांत ती संपते. शिवाय तिचा मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत बांधला जातो. जे बाळ लवकर जन्माला येतं, त्याची पुरचुंडी हलकीच राहते. आमच्या नवी ताईचा भाऊ महिनाभर आधी आला होता. आलं ना लक्षात?

डबा आणि स्वयंपाक

मग बाळाला लस का टोचायची नाही? लस म्हणजे शरीराला दिलेली शिकवणी. शत्रूची ओळख करून द्यायची आणि सांगायचं, आता पहारेकरी तूच तयार कर. हे म्हणजे स्वयंपाक शिकवण्यासारखं. एकदा आला की पुढे उपयोगी पडतो. पण शिकायला वेळ लागतो, आणि नुकत्या जन्मलेल्या बाळाचं शरीर शिकायला जरा हळूच असतं. आर.एस.व्ही. तर पहिल्याच महिन्यांत दार ठोठावतो.

घरी बाळंतीण आली की शेजारच्या काकू काय करतात? तिला स्वयंपाक शिकवत बसतात का? नाही. सरळ गरम गरम डबा आणून देतात! प्रतिपिंडांचं इंजेक्शन म्हणजे असा डबा. तयार पहारेकरीच बाळाच्या अंगात सोडायचे. ते लगेच कामाला लागतात. मात्र डबा संपला की संपला. त्याने बाळ स्वयंपाक शिकत नाही. पण तोवर मोसम निघून जातो, बाळ मोठं होतं आणि त्याच्या नळ्याही रुंदावतात.

ही युक्ती तशी जुनी आहे. १८९० साली जर्मनीत बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि जपानहून आलेले शिबासाबुरो कितासातो यांनी एक प्रयोग केला. धनुर्वाताला तोंड देऊ शकणाऱ्या सशांच्या रक्तातला द्रव त्यांनी उंदरांना टोचला. ते उंदीर धनुर्वातापासून वाचले! एकाने कमावलेलं बळ दुसऱ्याला देता येतं, हे त्यातून दिसलं. पुढे घोड्यांच्या रक्तातून घटसर्पावरचं औषध तयार होऊ लागलं आणि १९०१ साली वैद्यकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल बेरिंग यांना मिळालं. आपल्या मुंबईच्या हाफकिनचं नाव ऐकलंय ना? साप चावल्यावर देतात ते औषध तिथे असंच घोड्यांच्या मदतीने बनवत आले आहेत.

पण घोड्याच्या रक्तात नाना तऱ्हेचे प्रतिपिंड असतात. म्हणजे मिसळीचाच डबा. आपल्याला हवा तो एकच पदार्थ हवा तेवढा कसा मिळवायचा? ते जमवलं इंग्लंडमधल्या केंब्रिजला जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टीन यांनी, १९७५ साली. एकाच जातीचे, अगदी एकसारखे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी त्यांनी तयार केल्या. त्यांनाही १९८४ साली नोबेल मिळालं. आता असे प्रतिपिंड मोठमोठ्या टाक्यांत पेशी वाढवून करतात. घोडा लागत नाही!

बटणाच्या छत्रीचं रहस्य

आता सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गमतीचा भाग.

आर.एस.व्ही.च्या अंगावर बारीक बारीक दांडे असतात. त्यांना 'एफ' प्रथिन म्हणतात. हा दांडा म्हणजे बटणाची छत्री समजा. पेशीजवळ येईपर्यंत छत्री मिटलेली. पेशीला टेकली की खटकन उघडते आणि विषाणू पेशीच्या भिंतीशी एकजीव होतो. शिरला आत! एकदा उघडली की ही छत्री पुन्हा मिटत नाही.

म्हणजे पहारेकऱ्याने छत्री केव्हा पकडायला हवी? मिटलेली असतानाच! उघडल्यावर धरून फारसा उपयोग नाही.

हे पूर्वी माहीत नव्हतं. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत आर.एस.व्ही.ची एक लस काही बाळांना देऊन पाहिली. बाळांचं भलं व्हावं म्हणूनच. पण झालं उलटंच. पुढे खरा विषाणू आला, तेव्हा लस घेतलेली बाळं जास्त आजारी पडली आणि त्यांतली दोन दगावली. काम थांबलं. असं का झालं याचा शोध पुढे अनेक वर्षं चालला. एक कारण असं दिसलं की त्या लसीतली छत्री मिटलेली राहिलेली नव्हती. शरीर चुकीचा चेहरा पाठ करून बसलं होतं.

२०१३ साली अमेरिकेत जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग आणि त्यांच्या सोबत्यांनी मिटलेल्या छत्रीचं नेमकं चित्र मिळवलं. छत्रीच्या टोकाशी एक जागा दिसली. तिथे पकडलं की छत्री उघडतच नाही. तुमच्या आजोबांच्या छत्रीला बंद असतो ना, तो बांधून टाकावा तसं!

याच जागी बसणारा प्रतिपिंड आता औषध म्हणून मिळतो. त्याचं नाव निर्सेव्हिमॅब. युरोपात त्याला २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधीही १९९८ पासून पॅलिव्हिझुमॅब नावाचं इंजेक्शन होतं. पण ते मोसमभर दर महिन्याला टोचावं लागायचं, म्हणून फार लवकर जन्मलेल्या किंवा हृदयाचा आजार असलेल्या बाळांनाच द्यायचे. निर्सेव्हिमॅब मांडीत एकदाच टोचतात आणि ते निदान पाच महिने पुरतं.

एकदम पाच महिने कसं काय? त्याचं उत्तर शेपटीत आहे. आई रद्दी काढायला बसते, तेव्हा गठ्ठ्यातून कामाचे कागद बाजूला काढून पुन्हा कपाटात ठेवते ना? शरीरही जुनी प्रथिनं मोडीत काढताना प्रतिपिंडांची शेपटी ओळखून त्यांना रक्तात परत सोडतं. निर्सेव्हिमॅबच्या शेपटीत तीन बारीक बदल केलेत, त्यामुळे ती जास्त घट्ट पकडली जाते. साध्या प्रतिपिंडांची संख्या साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते. याची निम्मी व्हायला दहा आठवडे लागतात.

फरक पडला का?

स्पेन देशाच्या वायव्य टोकाला गॅलिसिया नावाचा प्रांत आहे. भरपूर पावसाचा, आपल्या कोकणासारखा. तिथे सप्टेंबर २०२३ पासून लहान बाळांना हे इंजेक्शन द्यायला सुरुवात झाली. मोसमात जन्मलेल्या बाळांना तर दवाखान्यातून घरी जाण्याआधीच. दहातल्या नऊहून जास्त बाळांना ते मिळालं. पहिल्या काही महिन्यांचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की या विषाणूमुळे दवाखान्यात दाखल व्हावं लागण्याचा धोका ८२ टक्क्यांनी कमी झाला होता.

चला, गणित करू. समजा, इंजेक्शन नसतं तर ५० बाळांना दवाखान्यात ठेवावं लागलं असतं. ५० चे ८२ टक्के म्हणजे ४१. ही ४१ बाळं घरीच आईच्या कुशीत राहिली. उरली नऊ. म्हणजे हा जादूचा ताईत नाही. पण ४१ घरांतल्या ताई-दादांना माझ्या वर्गातल्या मुलीसारखं गप्प बसावं लागलं नाही.

दुसराही एक मार्ग आहे. गरोदर आईलाच आर.एस.व्ही.ची लस द्यायची. मग आईच जास्त प्रतिपिंड तयार करते आणि बाळाची शिदोरी भरून देते. मिटलेल्या छत्रीच्या शोधामुळेच ही लस जमली. तिला २०२३ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात मान्यता मिळाली.

हे सगळं सांगितल्यावर नवी ताईने विचारलं, "बाई, मग आमच्या बाळाला ते इंजेक्शन का नाही दिलं?"

काय सांगणार? हे औषध महाग आहे. आपल्याकडे बीसीजी आणि पोलिओसारख्या ज्या लशी सरकार फुकट देतं, त्या यादीत ते नाही. आमच्या गावात कुणी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. जिथे सगळ्यात जास्त बाळं दगावतात, तिथे डबा शेवटी पोचतो, हे काही बरोबर नाही. तिला मी हेच सांगितलं. उत्तर तिला आवडलं नाही. मलाही आवडलेलं नाही. पण तुमच्यातलं कुणी मोठेपणी हे औषध स्वस्त करायच्या कामाला लागलं, तर तिला नक्की आवडेल.

आईबाबांसाठी दोन शब्द

बाळ लवकर जन्मलं असेल किंवा त्याला हृदयाचा अथवा फुप्फुसाचा आजार असेल, तर बालरोगतज्ज्ञांना आर.एस.व्ही.पासूनच्या संरक्षणाबद्दल जरूर विचारा. आपल्या बाळाला काय द्यायचं, ते त्यांनीच ठरवायचं. सर्दी झालेल्या बाळाचा श्वास शांत झोपेत पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त असतील, तर डॉक्टरांकडे न्या. फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ दूध ओढत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा श्वास मध्येच थांबत असेल, तर श्वास मोजत बसू नका. घरचे उपाय करण्यात वेळ घालवू नका. रात्र असली तरी तडक दवाखाना गाठा. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तेव्हा जुनं उरलेलं औषध मनाने पाजू नका. आणि बाळाच्या खोलीत चुलीचा किंवा बिडी-सिगारेटचा धूर नको.

आणि नवी ताईचं काय झालं?

बाळ सहाव्या दिवशी घरी आलं. पण ताई त्याच्या जवळ जाईना. दारात उभी राहून लांबूनच बघायची. तिच्या आईने मला बोलावून घेतलं.

मी तिला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "हे बघ, हा विषाणू खोकल्यातून उडतो, हातावरून येतो, खेळण्यावर बसतो. तो तुझ्याकडून आला, की बाळाला बघायला आलेल्या पाहुण्यांकडून, की दवाखान्यातून, हे कुणालाच कळणार नाही. अगदी तुझ्याकडून आला असला, तरी ती काही तुझी चूक नाही. तुला माहीतच नव्हतं. आणि पापी तर मायेनेच घेतली होतीस ना? चूक माझी होती. काय करायचं ते शिकवायचं सोडून मी वर्गाला दोष देत बसले."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग काय करायचं ते सांगा."

मी तिला चार गोष्टी सांगितल्या. बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवायचे. सर्दी असेल तर पापी नाही, बाळापासून लांब राहायचं. जवळ जावंच लागलं तर नाकातोंडावर मास्क किंवा स्वच्छ रुमाल. शिंक आली तर कोपरात. आणि शेजारपाजारचं कुणी खोकत बाळाला बघायला आलं, तर गोड शब्दांत सांगायचं, "काका, बरे झालात की या हं!"

ती उठली, मोरीत गेली आणि अगदी कोपरापर्यंत हात धुऊन आली. मग आईने बाळाला तिच्या मांडीवर ठेवलं. बाळाने तिचं बोट धरलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरीच्या आधीच बातमी आली, "बाई, बाळ माझ्याकडे बघून हसलं!"

आणि मी? मी वर्गासमोर उभी राहून त्या दिवशीचं वाक्य मागे घेतलं. फळ्यावर तिच्या चार गोष्टी लिहिल्या. त्या अजून पुसलेल्या नाहीत.

या आठवड्याचा गृहपाठ

१. समजा, एका जिल्ह्यात इंजेक्शनाशिवाय २५० बाळांना दवाखान्यात ठेवावं लागलं असतं. गॅलिसियाइतकाच उपयोग सगळ्यांना झाला, तर किती बाळं घरी राहतील?

२. तुमच्या घरी किंवा शेजारी तान्हं बाळ आहे? दारावर लावायला एक सुंदर पाटी तयार करा. पाहुण्यांना राग न येता त्यांनी हात धुवावेत, असं वाक्य तिच्यावर हवं. तुमची वाक्यं मला पत्राने कळवा. छान छान वाक्यं आपण पुढे या पानावर छापू.

तुमची,
बाई